घासण्याआधी आत पाहा : जुन्या धातूच्या वस्तूंचा एक्स-रे कधी, कुठे आणि कसा काढावा

चंपाषष्ठी, नवरात्र, दिवाळी जवळ आली की मला येणाऱ्या फोनवरचे प्रश्न जवळपास तेच असतात. "आजोबांच्या वेळचा चांदीचा मुखवटा आहे, गालाजवळ भेग दिसतेय. सोनाराकडे झाळायला देऊ का?" "देवघरातली मूर्ती भरीव आहे की पोकळ, हे कसं कळेल?" "तलवारीच्या मुठीवर गंजाखाली सोन्याची नक्षी आहे, असं वडील सांगायचे. एक्स-रेमध्ये दिसेल का? आणि तो काढायचा कुठे, हाडाच्या डॉक्टरांकडे?"

हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण संकोचत विचारतात. त्यात संकोचण्यासारखं काही नाही, कारण धातूची वस्तू न उघडता, न घासता, न तापवता तिच्या आत पाहण्याचा एक्स-रे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. वस्तूवर चिंच, पावडर, पॉलिश किंवा ज्योत फिरली की जे गेलं ते परत येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे दुरुस्तीच्या आधी एक्स-रे काढा, एवढंच माझं सांगणं आहे. तो कधी काढायचा, कुठे काढायचा आणि त्यातून काय मिळवायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी तीन यंत्रांतला फरक

वाचकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

- सराफाचं कॅरेट मशीन (एक्सआरएफ). यातही क्ष-किरणच असतात, पण ते वस्तूच्या आतलं चित्र देत नाही. वस्तूच्या वरच्या पातळ थरात कोणते धातू किती टक्के आहेत, एवढंच सांगतं. मुलामा दिलेली वस्तू ठेवली तर ते मुलाम्याचंच उत्तर देईल.
- एक्स-रे चित्र (रेडिओग्राफी). किरण वस्तूतून आरपार जातात आणि पलीकडच्या फिल्मवर किंवा पॅनेलवर सावली उमटते. या लेखाचा विषय हाच आहे.
- सीटी स्कॅन. वस्तू फिरवत अनेक चित्रं घेऊन संगणकावर तिचा त्रिमित आकार उभा करतात. जाड धातूसाठी दवाखान्यातला सीटी कमी पडतो. कारखान्यातल्या सुट्या भागांसाठी वापरतात तो औद्योगिक सीटी लागतो.

एक्स-रे काय दाखवतो

हाडाच्या एक्स-रेसारखंच इथेही असतं. धातू जितका जाड किंवा जड, तितका तो भाग पांढरा. पातळ, पोकळ किंवा झिजलेला भाग काळा. सोनं आणि शिसं हे फार जड धातू आहेत, त्यामुळे लोखंड, तांबं किंवा पितळेच्या पार्श्वभूमीवर ते चमकून पांढरे उठतात. चांदीही तांब्या-पितळेपेक्षा उजळ दिसते. एवढं कळलं तरी खालच्या गोष्टी वाचता येतात :

- वस्तू ओतीव आहे की पत्र्यावर ठोकून उठावाची केली आहे
- ओतीव असेल तर भरीव की पोकळ, आत मातीचा गाभा उरला आहे का, ओतताना हवेचे बुडबुडे कुठे राहिले
- बाहेरून न दिसणाऱ्या भेगा, आणि दिसणाऱ्या भेगा आत किती लांब गेल्या आहेत
- जुने डाग, रिबिटं, ठिगळं, नंतर बसवलेले हातपाय किंवा प्रभावळ
- गंजाखालची जडावाची नक्षी किंवा अक्षरं
- मुठीच्या आत पात्याची शेपटी किती लांब आहे, ती मोडली आहे का
- पत्रा कुठे कागदासारखा पातळ झाला आहे

गंजाखालच्या अक्षरांचं जगातलं एक सुंदर उदाहरण जपानचं आहे. सायतामा प्रांतातल्या इनारियामा या प्राचीन दफनटेकडीतून १९६८ साली एक लोखंडी तलवार निघाली. दहा वर्षं ती केवळ एक गंजलेली तलवार होती. १९७८ मध्ये संवर्धनासाठी तिचा एक्स-रे काढला, तेव्हा पात्याच्या दोन्ही बाजूंवर सोन्याने जडवलेली ११५ अक्षरं दिसली. आज ती जपानच्या प्राचीन इतिहासाचा एक मुख्य पुरावा आहे. त्या दहा वर्षांत कोणी चांगल्या हेतूने तिच्यावर पॉलिश पेपर फिरवला असता, तर काय झालं असतं ते तुम्हीच पाहा.

आपल्याकडच्या शस्त्रांबद्दल मात्र अपेक्षा नेमकी ठेवा. लोखंडात खोल चर पाडून बसवलेली सोन्या-चांदीची तार एक्स-रेत स्पष्ट येते. कोफ्तगारीत पृष्ठभाग खरवडून त्यावर फार बारीक तार ठोकलेली असते. ती पुसट येते आणि जाड मुठीवर कधी कधी येतही नाही. चित्रात नक्षी दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असा निष्कर्ष काढू नका.

एक्स-रे काय सांगत नाही

- वय. वस्तू किती वर्षांची आहे, हे एक्स-रे सांगत नाही. घडवण्याची पद्धत कळते, त्यावरून जाणकार अंदाज बांधतात.
- नेमकी धातुमात्रा. पंचधातू आहे का, सोनं किती, याचं उत्तर इथे नाही.
- किंमत. एक्स-रे अहवालावर किंमत छापून देणाऱ्यापासून दूर राहा.
- हिरवी पावडर झरणारा रोग. कांसे किंवा पितळेवर फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके वाढत असतील तर ते क्लोराइडचं काम असतं. एक्स-रेत त्याने केलेले खड्डे दिसतात, पण तो अजून चालू आहे का ते डोळ्यांनी आणि हवेतली आर्द्रता मोजूनच कळतं.

एक मुखवटा, जवळून

तालुक्यातल्या एका देवस्थानाचा खंडोबाचा मुखवटा माझ्याकडे आला होता. चांदीच्या पत्र्याचा, हातभर उंचीचा. तक्रार एकच : डाव्या कानाजवळ नखाएवढी भेग. गावातल्या कारागिराने "दोन मिनिटांचं काम, झाळून देतो" म्हटलं होतं. विश्वस्तांनी आधी एक्स-रे काढायचं ठरवलं, म्हणून आज मी हे लिहू शकते.

चित्र प्रकाशपेटीवर लावलं. कपाळ सारखं करडं होतं आणि त्यावर एकमेकांत मिसळलेली लहान लहान वर्तुळं. हे हातोडीचे ठोके. घडवणाऱ्याचा हात कपाळापासून नाकाकडे कसा सरकला, तेही त्यांच्या ओळींवरून कळत होतं. नाकाचा शेंडा आणि दोन्ही गाल सगळ्यात काळे, कारण उठाव काढताना पत्रा तिथेच सर्वांत जास्त ताणला जातो आणि पातळ होतो. दर वर्षी घासताना हात जोरात फिरतो तोही नेमका तिथेच.

कानाजवळ मात्र एक ओबडधोबड पांढरा डाग होता, थिजलेल्या मेणासारखा. तो शिसं-कथलाचा जुना डाग. बाहेरून त्यावर चांदीचा पातळ मुलामा दिलेला असल्यामुळे कोणाला माहीतच नव्हता. त्या डागाखालून भेगेची काळी रेघ थेट जबड्यापर्यंत उतरली होती, बाहेर दिसत होती त्याच्या जवळजवळ चौपट.

ही एक फिल्म पाहून निर्णय बदलला. चांदीत शिसं असताना ज्योत लावली तर शिसं वितळून चांदीत शिरतं आणि तो भाग ठिसूळ होतो. गाल आधीच पातळ, ते जळून भोक पडण्याची भीती वेगळी. म्हणून झाळणं रद्द केलं. मागून हलका, काढता येईल असा आधार बसवला आणि तेव्हापासून तो मुखवटा फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसतात. पालखीत तो आजही मिरवतो.

तुम्हाला खरंच एक्स-रे हवा आहे का?

प्रत्येक समईचा एक्स-रे काढायची गरज नसते. आधी घरी हे पाहा :

१. चांगल्या उजेडात भिंगाने पाहा आणि मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा.
२. वजन करा. आकाराच्या मानाने हलकी वाटली तर ती पोकळ असण्याची शक्यता मोठी.
३. लोहचुंबक लावा. पितळेच्या मूर्तीला तो एखाद्याच जागी चिकटला, तर तिथे आत लोखंडी सळई किंवा खिळा असू शकतो.
४. ठोकून आवाज काढू नका. भेग असेल तर ती वाढेल.
५. तळाचं किंवा मागचं छिद्र पाहा. आत तपकिरी, काळपट भराव दिसतो का? तो लाख किंवा राळ असू शकतो.

यातून प्रश्न सुटला तर एक्स-रे नको. खालीलपैकी काही असेल, तर मात्र काढाच :

- वस्तूला ज्योत, आम्ल किंवा इलेक्ट्रोप्लेटिंग लावायचा विचार आहे
- हात, पाय, मूठ किंवा प्रभावळ हलते आहे
- गंजाखाली नक्षी किंवा लेख असल्याची शंका आहे
- मुखवटा, टाक किंवा मूठ लाखेने भरलेली असावी असं वाटतं
- देवस्थानाला मौल्यवान मूर्तीची ओळख पटेल अशी नोंद ठेवायची आहे

लाखेचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या तलवारींच्या मुठी पात्याला बहुधा लाख-राळेने पक्क्या करतात. उठावाच्या कामातही आधारासाठी लाख भरतात. अशा वस्तूला आच लागली की आतला भराव वितळतो, उकळतो आणि पत्रा फुगतो. एक्स-रेत लाख धातूच्या मानाने फार पुसट येते. म्हणून "इथे भराव असेल का?" हा प्रश्न आधीच विचारून ठेवला, तरच ती शोधली जाते.

कुठे काढता येतो?

वस्तूची जाडी पाहून ठिकाण निवडा.

- पातळ पत्र्याचं काम (टाक, मुखवटे, चांदीची पानं, दागिने) : साधारण ८० ते १२० किलोव्होल्ट पुरतात. वैद्यकीय यंत्राची ताकद एवढी असते. पण ते यंत्र माणसांच्या तपासणीसाठी परवानाप्राप्त असतं. वस्तू चालेल का, हे त्या केंद्राच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला आधी विचारा. ओळखीने, रात्री, गुपचूप काढू नका.
- पोकळ ओतीव मूर्ती, भांडी, मुठी : भिंत ४-५ मिलिमीटर असली तरी किरणांना पुढची आणि मागची अशा दोन भिंती पार कराव्या लागतात. इथे १५० ते २५० किलोव्होल्टचं औद्योगिक यंत्र हवं. पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिक या औद्योगिक पट्ट्यांत वेल्डिंग आणि ओतकाम तपासणाऱ्या 'एनडीटी' प्रयोगशाळा आहेत, तिथे असं यंत्र मिळतं.
- भरीव, जाड मूर्ती : ३०० किलोव्होल्ट किंवा इरिडियम-१९२ सारखा गॅमा स्रोत लागतो. त्यात बारीक तपशील थोडा हरवतो.
- संवर्धन संस्था : लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र, इन्टॅकच्या संवर्धन शाखा. यंत्र त्यांच्याकडे असो वा नसो, चित्र काढण्यापूर्वी आणि नंतर सल्ला अशाच ठिकाणी घ्या.

औद्योगिक प्रयोगशाळेकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. परवाना दाखवायला टाळाटाळ झाली तर वस्तू उचला आणि घरी या.

नेण्यापूर्वीची तयारी

- एका कागदावर प्रश्न लिहा. "सगळं बघा" असं सांगू नका. "डाव्या कानाजवळची भेग किती लांब आहे? मूठ लाखेने भरली आहे का?" असं लिहा. कोन आणि ताकद प्रश्नावरून ठरते.
- वस्तू घासू नका, तेल लावू नका. शेंदूर, कुंकू, गंध जसं आहे तसं राहू द्या.
- काढता येणारे हार, वस्त्रं, चौरंग, नंतर बसवलेले धातूचे स्टँड काढा. चिकटलेलं काहीही ओढू नका.
- मोती, पोवळी, काच किंवा खडे जडवलेले असतील तर आधी सांगा. किरणांची मात्रा जास्त झाली तर त्यांचा रंग बदलू शकतो.
- मूर्तीच्या आतल्या मातीच्या गाभ्यावरून वय काढायचं (थर्मोल्युमिनेसन्स) मनात असेल, तर तो नमुना एक्स-रेच्या आधी घ्या. एक्स-रेची मात्रा त्या मोजणीत मिसळते आणि वय चुकतं. ही चूक मागाहून दुरुस्त होत नाही.
- तलवार, कट्यार, दांडपट्टा न्यायचा असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून ठेवा. रस्त्यात होणारा मनस्ताप वाचतो.

चित्र घेताना आग्रह धरा

- किमान दोन कोन : समोरून आणि बाजूने. एकाच चित्रात पुढची आणि मागची बाजू एकमेकींवर पडते. पाठीवरचं ठिगळ छातीवर असल्यासारखं दिसतं.
- एकाच भागाची दोन वेगळ्या ताकदींची चित्रं. जाड पाय आणि पातळ प्रभावळ एका चित्रात दोन्ही नीट येत नाहीत.
- शिशाची अक्षरं (डावी-उजवी, वस्तू क्रमांक) आणि जाडी मोजायची पायऱ्यांची पट्टी चित्रात हवी.
- वस्तूला आधार फोमचा द्या. वाळूची पिशवी ठेवली तर कणांची सावली चित्रात येते.
- किरण चालू असताना खोलीबाहेर, त्यांनी दाखवलेल्या जागीच थांबा. सामान्य माणसासाठी कृत्रिम किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला १ मिलीसिव्हर्ट आहे आणि ती पाळणं त्यांची जबाबदारी आहे. गरोदर स्त्रियांनी सोबत जाऊ नये.

"मग मूर्ती किरणोत्सर्गी होईल का?" हा प्रश्न हमखास येतो. होत नाही. किरण बंद झाले की वस्तूत काहीही उरत नाही. ती लगेच हातात घेता येते, देव्हाऱ्यात ठेवता येते.

देवघर आणि देवस्थान

पूजेतल्या मूर्तीला प्रयोगशाळेत न्यायचं म्हणजे मन धास्तावतं. ही भावना खरी आहे आणि तिचा मान ठेवूनच काम करता येतं. अनेक ठिकाणी पुजारी आधी कलाकर्षणाचा विधी करून कला कलशात ठेवतात आणि परत आल्यावर संप्रोक्षण करतात. तुमच्या गुरुजींना, गुरवांना आधीच विश्वासात घ्या. मूर्ती कोण उचलणार, चपला कुठे काढायच्या, रिकाम्या वेळी ती कशावर ठेवायची, हे प्रयोगशाळेलाही सांगून ठेवा. बहुतेक तंत्रज्ञ हे आनंदाने पाळतात.

देवस्थानांना एक्स-रेचा आणखी एक उपयोग आहे. ओतीव मूर्तीच्या आतल्या बुडबुड्यांची आणि गाभ्याची रचना दुसऱ्या मूर्तीत तंतोतंत तशी येत नाही. ती बोटाच्या ठशासारखीच असते. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी चेन्नईच्या शासकीय संग्रहालयातल्या कांस्यमूर्तींचे असे 'ठसे' नोंदवले आहेत. उद्या मूर्ती चोरीला गेली आणि परत मिळाली, तर ती तीच आहे हे सांगायला बाहेरचा फोटो पुरत नाही. आतलं चित्र पुरतं.

तुमचे हक्क आणि कायद्याच्या गोष्टी

- लेखी पावती घ्या : वस्तूचं वर्णन, वजन, फोटो, आत-बाहेर जाण्याची वेळ. शक्य असेल तर स्वतः हजर राहा.
- दर आधी ठरवा, तोही प्रत्येक चित्रामागे. जादा कोन घ्यायचे तर विचारूनच घ्यावेत.
- मूळ डिजिटल फाइल मागा : डायकोंड किंवा १६-बिट टिफ. एकदा मला एका प्रयोगशाळेकडून स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो तेवढा मिळाला. त्यात भेग दिसते, पण जाडीचा फरक वाचता येत नाही आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं. मूळ फाइल द्यायची, हे काम देतानाच लिहून घ्या.
- नमुना काढायला नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. "थोडासा कीस काढतो" हे तुमच्या लेखी संमतीशिवाय होऊ देऊ नका.
- चित्र प्रसिद्ध करण्याची परवानगी वेगळी द्या किंवा नाकारा.
- धातूची मूर्ती १०० वर्षांहून जुनी असेल तर पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होतो. तिची नोंदणी करावी लागते, मालकी बदलली तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं आणि खासगी व्यक्तीला ती परदेशात नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांकडे 'तपासून घ्यायला' पाठवणंही कायद्यात बसत नाही.
- शेतात, पाया खणताना धातूच्या वस्तू सापडल्या तर साफ करायला बसू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.
- सार्वजनिक विश्वस्त संस्था असाल तर ठराव करा, आणि जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत वस्तू बाहेर गेल्याची आणि परत आल्याची नोंद ठेवा.

चित्र हातात आल्यावर

१. घाईने अर्थ लावू नका. प्रत्येक काळी रेघ भेग नसते. दोन पत्र्यांचा सांधाही काळा दिसतो.
२. वस्तू शेजारी ठेवून, संवर्धकासोबत बसून चित्र वाचा. तुम्हाला माहीत असलेला इतिहास सांगा : कधी पडली होती, कोणी झाळली होती. अनेकदा आजीची एक आठवण चित्रातला डाग उलगडते.
३. निष्कर्ष तीन रकान्यांत लिहा : दिसलं ते, त्यावरून वाटतं ते, करायचं ते.
४. कारागिराला चित्र दाखवा. तांबट, कासार, सोनार यांना धातूची भाषा आपल्यापेक्षा चांगली कळते. आत शिसं आहे, इथे लाख आहे, इथे पत्रा पातळ आहे, हे पाहिल्यावर चांगला कारागीर स्वतःच ज्योत बाजूला ठेवतो.
५. फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. दहा वर्षांनी दुसरं चित्र काढाल, तेव्हा भेग वाढली की थांबली, हे या पहिल्या चित्राशी ताडूनच कळेल.

कधी कधी चित्र सांगतं, की काहीच करू नका. भेग जुनी आहे, स्थिर आहे, वस्तू आणखी शंभर वर्षं टिकेल. हे ऐकून काही जण नाराज होतात, खर्च वाया गेला म्हणतात. त्या मुखवट्याच्या गावात मी गेल्या चंपाषष्ठीला गेले होते. विश्वस्तांनी एक्स-रेची छोटी प्रत चौकटीत बसवून भांडारघरात लावली आहे. दर वर्षी मुखवटा पुसायला बसणाऱ्या पोरांना म्हातारे पुजारी बोटाने दोन काळे गाल दाखवतात आणि सांगतात, "इथे हात हलका."